आई-बाबांसाठी नवी गादी : कडक, मऊ की 'ऑर्थो'?

ताई, तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी आधी एका जागी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं त्यावरून करता येईल. वडोदऱ्याच्या समा भागात तळमजल्याचं टेनामेंट. बाबा ७४ वर्षांचे, वजन ८४ किलो, दोन्ही गुडघे दुखरे. आई ६९ वर्षांची, वजन ५० किलो, सकाळी उठताना कंबर धरते, झोपायची सवय कुशीवर. पलंग पेटीचा, ७८ बाय ७२ इंची. त्यावरची काथ्याची गादी ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात खालून भिजली, ती उन्हात वाळवून अजून वापरात आहे. डॉक्टरांनी आईंना 'कडक गादी घ्या' सांगितलंय, दुकानदार दहा इंची 'ऑर्थो' दाखवतोय, आणि पुण्याचे तुमचे भाऊ म्हणतात ऑनलाइन मागवून टाकू. बजेट पंचवीस हजारांपर्यंत.

नवी कुठली घ्यायची हे ठरेल तेव्हा ठरेल, पण जुनी गादी ह्याच आठवड्यात घराबाहेर काढा. पुराच्या पाण्यात नदीबरोबर गटारंही असतात. गादी भिजली की वरचं कापड दोन दिवसांच्या उन्हात खडखडीत वाळतं, पोटातला काथ्या मात्र कितीतरी दिवस ओलसर राहतो. काथ्याचे तंतू रबराच्या चिकाने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. भिजण्या-वाळण्यात ते सुटतात, गादी मधून दबते आणि आत बुरशी धरते. गादी उभी करून खालच्या बाजूला नाक लावून बघा. कुबट वास आला तर आणखी काही तपासायला नको. सत्तरीच्या माणसांनी रोज रात्री सात-आठ तास त्यावर श्वास घ्यायचा, ही गोष्ट मला मुळीच पटत नाही. पूर ओसरल्यावर आपल्या शहरात घराघरांतून भिजक्या गाद्या रस्त्यावर आल्या. ज्यांनी त्या टाकल्या त्यांनी बरोबर केलं, आणि ज्यांनी 'एवढी महागाची वस्तू' म्हणून गच्चीवर वाळवून परत अंथरली त्यांनाही मी तुम्हाला सांगतोय तेच सांगतो.

आता पलंग. गादी घ्यायला येणारी बहुतेक मंडळी पलंगाविषयी चकार शब्द काढत नाहीत, आणि 'खड्डा पडला' म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ पलंगाच्या प्लायमध्ये निघतं. गादी काढल्यावर एक सुतळी घ्या, पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून धरा. मधोमध सुतळी आणि प्लाय यांच्यात बोट जाण्याइतकी जागा दिसली तर प्लाय वाकलाय, आणि त्यावर लाखाची गादी टाकलीत तरी ती वाकणारच. तुमचा पलंग पुरात उभा होता, त्यामुळे प्लायच्या कडा फुगल्यात का, पापुद्रे सुटलेत का, हेही बघा. सुताराला बोलावून नवा प्लाय टाकून घ्या, खाली मधोमध आडवा आधार द्यायला सांगा, आणि त्याच वेळी प्लायला फूट-फूट अंतरावर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या. पेटीच्या पलंगात हवा खेळत नाही. अंगाचा घाम आणि ऊब वरून खाली उतरते, खाली बंद प्लाय लागतो, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये गादीच्या पोटाखाली पाणी सुटल्यासारखं होतं. तळमजल्यावर तर जास्तच. भोकांचा खर्च नगण्य, पण गादीचं आयुष्य त्याने वाढतं.

डॉक्टरांच्या 'कडक'बद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सगळा घोळ ह्या एका शब्दाने होतो. कंबर दुखते तर फळीवर झोपा, असा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिला गेला. २००३ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या एका चाचणीचा निकाल आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम-कडक गादी दिली. नव्वद दिवसांनी मध्यम-कडक गादीवाल्यांचं दुखणं आणि रोजच्या हालचालीतली अडचण जास्त कमी झालेली दिसली. धंद्यात रोज जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. कारण सोपं आहे. कुशीवर झोपलेल्या माणसाचे खांदा आणि नितंब हे दोन भाग बाहेर आलेले असतात. गादी अगदी कडक असेल तर सगळं वजन त्या दोन ठिकाणी पडतं आणि मधली कंबर अधांतरी राहते. रात्रभर कमरेचे स्नायू ती कंबर तोलून धरतात, मग सकाळी ती धरणारच. उलट गादी फार मऊ असली की जड नितंब खाली जातात आणि पाठ झोळीसारखी होते. म्हणजे गादीचं पोट घट्ट हवं आणि वरचे दीड-दोन इंच दबणारे हवेत. डॉक्टर 'कडक' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना 'खड्डा न पडणारी' असं म्हणायचं असतं. पुढच्या वेळी गेलात की हे नेमकं विचारून घ्या. मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा नस दबून पाय बधिर होत असेल, तर मात्र माझं न ऐकता डॉक्टरांचं ऐका.

मग 'कडक' कोणासाठी? ह्याचं उत्तर वजनावर असतं. तुमच्या घरी एकाच पलंगावर ८४ आणि ५० किलोची दोन माणसं झोपतात. जी गादी बाबांना मध्यम वाटेल ती आईंना दगडासारखी लागेल, आणि जी आईंच्या खांद्याला सुखाची वाटेल तीत बाबा रुततील. म्हणून तुम्हाला माझा स्पष्ट सल्ला असा : ७८ बाय ७२ ची एक गादी घेऊ नका. ७८ बाय ३६ च्या दोन घ्या, दोन्ही सहा इंची, आतले थर वेगवेगळे. पेटीच्या पलंगाला कडेच्या पट्ट्या असतात, त्यामुळे त्या सरकत नाहीत. वर दोन्हींना मिळून एकच मोठा प्रोटेक्टर (गादीवर चढवायचं आवरण) घातला की मधली फट जाणवत नाही. एक जण कूस वळला की दुसऱ्याची झोप मोडते तेही थांबतं. आणि पुन्हा कधी पाण्याचा इशारा आला, तर तीन फुटी गादी दोन माणसं उचलून माळ्यावर किंवा शेजाऱ्यांच्या पहिल्या मजल्यावर नेऊ शकतात. सहा फुटी नाही नेता येत. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात जुन्या वाड्यांच्या अरुंद जिन्यांमुळे लोकांना नाइलाजाने दोन तुकडे घ्यावे लागतात. तुमच्याकडे तो नाइलाज नाही, तरी तुम्हीही दोनच घ्या.

बाबांच्या गादीत खाली चार इंच रिबॉन्डेड आणि वर दोन इंच एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबल्यावर चटकन उसळणारा) फोम. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे दाबून, चिकटवून बनवलेली पाटी. कापली की आत रंगीबेरंगी चुरा दिसतो. जड माणसाला ती वर्षानुवर्षं पेलते. आईंच्या गादीत खाली चार इंच चांगला एचआर फोम आणि वर दोन इंच मऊ फोम, किंवा बजेट ताणता आलं तर लेटेक्स. रिबॉन्डेड त्यांना नको, पन्नास किलोच्या अंगाखाली ती दबतच नाही.

इथे डेन्सिटीचं गणित समजून घ्या, कारण फसवणूक बहुतेक इथेच होते. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोमध्ये. तिचा कडकपणाशी थेट संबंध नाही. जास्त डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो, आणि कमी डेन्सिटीचा फोम कडकही बनवता येतो. असा हलका-कडक फोम दुकानात हाताने दाबला की दणकट वाटतो, आणि वर्ष-दीड वर्षात बसतो. रोजच्या वापरासाठी साध्या फोमची डेन्सिटी ३२ च्या खाली घेऊ नका, एचआर ४० चा मागा. रिबॉन्डेड साधारण ९० च्या आसपास असावा.

दुकानदार म्हणतो ती डेन्सिटी खरी आहे का, हे वजनकाट्यावर कळतं. ७८ बाय ३६ च्या गादीत एक इंच जाडीचा थर म्हणजे ०.०४६ घनमीटर. त्याला डेन्सिटीने गुणलं की त्या थराचं वजन निघतं. ३२ चा फोम असेल तर एका इंचाचे सुमारे दीड किलो, ४० चा असेल तर १.८ किलोच्या वर, ९० चा रिबॉन्डेड असेल तर चार किलोच्या वर. म्हणजे बाबांच्या गादीत रिबॉन्डेडचे चार इंच साडेसोळा किलो आणि एचआरचे दोन इंच पावणेचार, एकूण वीस किलोच्या थोडं पुढे, वर खोळीचं किलो-दीड किलो. ही गादी घरी आली आणि काट्यावर बारा-तेरा किलो भरली, तर आतला माल सांगितलेला नाही. अर्धा-एक किलोचा फरक चालतो, सहा-सात किलोचा नाही. मोठ्या गादीला घरचा काटा पुरत नाही. गादी उचलून एका माणसाने काट्यावर उभं राहायचं, मग त्याचं वजन वजा करायचं. जो दुकानदार हे आनंदाने करू देतो त्याच्याकडून घ्या.

'ऑर्थो'विषयी. "बेन, आ ऑर्थो छे, कमर माटे एकदम सारी" (ताई, ही ऑर्थो आहे, कमरेसाठी एकदम चांगली) हे वाक्य तुम्हाला प्रत्येक दुकानात ऐकायला मिळेल. गादीवर हा शब्द छापला म्हणजे कोणा अस्थिरोगतज्ज्ञाने ती तपासलीय असं होत नाही. एका कंपनीची ऑर्थो म्हणजे रिबॉन्डेडची कडक पाटी, दुसरीची म्हणजे साध्या फोमवर बोटभर मेमरी फोम. तेव्हा शब्द सोडा आणि थर विचारा. खोळीला चेन असेल तर ती उघडून दाखवा म्हणा. कोणता थर, किती इंच, किती डेन्सिटी, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं न अडखळता मिळाली पाहिजेत.

दहा इंची गादी तुमच्याकडे नकोच, आणि तिचं कारण बाबांचे गुडघे. पेटीचा पलंग जमिनीपासून चौदा इंच धरला तर दहा इंची गादीने बैठक चोवीस इंचांवर जाते. बाबा कडेला बसले की पाय लोंबकळतील. रात्री अर्धवट झोपेत बाथरूमला उठताना माणूस इथेच घसरतो. फार खाली असेल तर गुडघ्यांवर जोर देऊन उठावं लागतं, तेही वाईट. बाबांना खुर्चीत सरळ बसवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत टेपने माप घ्या. समजा सतरा-अठरा इंच भरलं, तर गादी दबल्यावर पलंगाची कड त्या मापाच्या बरोबरीने किंवा इंचभर वर असावी. चौदा अधिक सहा म्हणजे वीस, त्यातून दबण्याचा इंच-दीड इंच गेला की बरोबर बसतं. तुमच्या पलंगाचं माप वेगळं असेल तर गादीची जाडी त्याप्रमाणे पाच किंवा आठ करा. बसण्याच्या बाजूची कड घट्टच हवी. ती खचली की वरचं सगळं माप वाया जातं.

मेमरी फोमचा आग्रह भाऊ धरतील, कारण जाहिराती त्याच्याच जास्त. चीज चांगली आहे. १९६६ च्या सुमारास नासासाठी विमानाच्या आसनांचा विचार करताना ती तयार झाली. अंगाच्या उबेने ती मऊ होते आणि अंगाचा आकार घेते. तरुण माणसाला, एसीच्या खोलीत, छान. पण तिला आकार सोडायला वेळ लागतो, आणि कूस बदलताना म्हाताऱ्या माणसाला त्या खळग्यातून स्वतःला बाहेर काढावं लागतं. आईंना ह्याचा त्रास होईल. शिवाय आपल्या मे महिन्यात, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री आणि खोलीत नुसता पंखा असताना, ती जास्तच मऊ पडते आणि पाठ घामेजते. घ्यायचीच झाली तर वरचा एक इंच, त्याहून जास्त नको.

लेटेक्स ह्या सगळ्यात मला सर्वांत आवडतं. रबराच्या चिकापासून बनतं, दाबलं की लगेच उसळी घेतं, आरपार भोकं असल्याने गरमही कमी होतं. महाग आहे, म्हणून पूर्ण गादी लेटेक्सची न घेता वरचा थर तेवढा घ्यायचा. 'नॅचरल' लिहिलेल्यात सिंथेटिक किती हे विचाराच. स्प्रिंगमध्ये घ्यायची तर पॉकेट स्प्रिंग, जिच्यात प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते. एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगा असलेली बॉनेल स्वस्त मिळते, पण एका कडेला कोणी उठलं की दुसरीकडे हलतं. तळमजला आणि पुराचा इतिहास बघता लोखंड आत असलेली गादी मी तुम्हाला सुचवणार नाही. काथ्याची पुन्हा घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

आणि कापसाची? तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी 'आपली कापसाचीच बरी' म्हणतातच, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कापूस घाम शोषतो, हवा खेळती ठेवतो, उन्हाळ्यात त्याच्यासारखं सुख दुसऱ्या कशात नाही. पण तो दबतो. दर पंधरा दिवसांनी उन्हात टाकायला हवा आणि दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यायला हवा. दहा-बारा किलोची गादी गच्चीवर कोण नेणार? त्यातून हल्ली गादीवाल्याकडे मिलची रद्दी आणि कपड्यांच्या चिंध्यांचा चुरा कापूस म्हणून सर्रास भरतात. चिमूटभर कापूस दोन्ही हातांनी ओढून बघा. लांब तंतू निघाले तर चांगला, धुरळा उडाला किंवा रंगीत गाठी दिसल्या तर नको. तुमच्याकडे मी असं करेन : फोमच्या गाद्यांवर एप्रिल ते जून शुद्ध कापसाच्या दीड इंची पातळ गाद्या अंथरायच्या. हलक्या असतात, दोरीवर टाकता येतात, आणि फोमची ऊब अंगाला लागत नाही. उशी सावरीच्या कापसाची असेल तर ठेवा, फक्त नव्या गादीवर तिची उंची पुन्हा जुळवून बघा. कुशीवर झोपल्यावर खांदा ते कान एवढं अंतर उशीने भरलं पाहिजे.

दुकानात आई-बाबांना घेऊनच जा. दुपारची वेळ निवडा, गर्दी नसते. बसून किंवा हाताने दाबून काही कळत नाही. आईंना त्यांच्या नेहमीच्या कुशीवर, त्यांचीच उशी घेऊन, पंधरा मिनिटं पडू द्या. संकोच करतील, दुकानदारासमोर आडवं कसं व्हायचं म्हणतील, तेव्हा तुम्ही शेजारी बसून गप्पा मारा. मग त्यांना उताणं झोपवून कमरेखाली तळहात सरकवा. हात सहज आरपार गेला तर गादी त्यांना कडक आहे, घुसतच नसेल तर मऊ, थोडं घासून गेला तर बरोबर. बाबांना कडेवरून तीनदा उठबस करायला सांगा.

ऑनलाइनला माझा विरोध नाही. व्हॅक्यूममध्ये गुंडाळून येणाऱ्या गाद्यांत चांगला माल असतो, उघडल्यावर दोन दिवस फुगू द्यायच्या आणि वास जाऊ द्यायचा. 'शंभर रात्री वापरून बघा'च्या अटी मात्र वाचा : परत न्यायला कोण येणार, पैसे कापणार का, डाग पडलेला चालतो का. तुमच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. दोन गाद्यांत दोन वेगळे थर हवेत, ते स्थानिक बनवणारा दोन-चार दिवसांत करून देतो. आणि ब्रँड बदलला म्हणून मालक बदलतोच असं नाही, स्लीपवेलवाल्या शीला फोमने २०२३ मध्ये कर्लऑन विकत घेतली. तेव्हा नावांत न अडकता थर बघा. सणासुदीची सूट छापील किमतीवर असते, ती किंमत आधीच फुगवलेली असू शकते, म्हणून सूट किती ते न बघता दोन दुकानांत त्याच थरांचा शेवटचा भाव विचारा.

बिल पक्कं घ्या, आणि त्यावर नुसतं 'गादी नग २' नको. प्रत्येक थराचं नाव, इंच आणि डेन्सिटी लिहून घ्या. वॉरंटीत किती दबल्यावर तक्रार घेतात ते विचारा. बऱ्याच कंपन्या इंचभर खड्डा पडल्याशिवाय ऐकत नाहीत, आणि डाग पडला किंवा कंपनीचं लेबल निघालं तर वॉरंटीच नाकारतात. म्हणून प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून हवा. टेरी कापडाचा, मागे पातळ वॉटरप्रूफ थर असलेला घ्या. प्लॅस्टिकचा कुरकुर वाजतो आणि तापतो. दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करायची. वेगवेगळे थर असल्याने गादी पालथी घालायची नाही.

नव्या गादीवर पहिले दोन आठवडे अंग थोडं कुरकुरेल, विशेषतः आईंचं, कारण त्यांना जुन्या खड्ड्याची सवय आहे. तीन-चार आठवड्यांनंतरही सकाळी खांदा बधिर वाटत असेल तर वरचा थर अजून मऊ हवा, आणि कंबर आधीपेक्षा जास्त धरत असेल तर घट्ट. खोळ चेनची असली की दोन इंचांचा तो एक थर बदलून मिळतो, पूर्ण गादी बदलावी लागत नाही. महिन्याभरात एकदा थर बदलून देणार का, आणि त्याचे किती पैसे, हे बिल करतानाच दुकानदाराशी बोलून त्याच बिलावर लिहून घ्या.